स्कॅगवेला उतरलात की घाटाच्या पलीकडे जा: अलास्का क्रूझमधला एक दिवस, टप्प्याटप्प्याने

मुलगा-सून सिअ‍ॅटलला किंवा बे एरियात, आई-बाबा उन्हाळ्यात आलेले, आणि सगळ्यांनी मिळून सात रात्रींची अलास्का क्रूझ. हे चित्र आता ओळखीचं झालं आहे. जूनोला हिमनदी आणि देवमासे, केचिकनला टोटेम खांब, इतकं आधीच ठरलेलं असतं. गोंधळ होतो तो स्कॅगवेला. हजार-बाराशे वस्तीचं हे गाव टाइया खाडीच्या अगदी टोकाला वसलंय. धक्क्यावर उतरलं की समोर एकच सरळ रस्ता, दुतर्फा दागिन्यांची दुकानं आणि मागे भिंतीसारखे उभे डोंगर. पुष्कळ लोक दुकानं फिरून दुपारच्या जेवणाला जहाजावर परततात.

तसं करू नका. अलास्काच्या या पट्ट्यातली बहुतेक बंदरं रस्त्याने कशालाच जोडलेली नाहीत. जूनो राज्याची राजधानी आहे, पण तिथे बाहेरून मोटारीने पोचता येत नाही. स्कॅगवेहून मात्र व्हाइट पास नावाच्या खिंडीतून डोंगर ओलांडून कॅनडातल्या युकॉन प्रदेशात थेट रस्ता जातो, आणि त्या रस्त्यावर एका दिवसात ओल्या गर्द जंगलापासून वाळूच्या टेकड्यांपर्यंत सगळं दिसतं. नवख्या माणसाने हा दिवस कसा आखावा, ते क्रमाने सांगते.

पहिली पायरी: पासपोर्ट

निसर्ग नंतर. तुम्ही खिंडीच्या पलीकडे जाऊ शकता की नाही, हे तुमच्या हातातल्या कागदांवर ठरतं, आणि ते क्रूझ बुक करतानाच पाहायला हवं. धक्क्यावर उतरल्यावर काहीही करता येत नाही.

भारतीय पासपोर्ट आणि अमेरिकेचा व्हिजिटर व्हिसा असलेल्या आई-बाबांना कॅनडाचा वेगळा व्हिसा लागतो. "अमेरिकेचा व्हिसा आहे ना, मग चालतं" असं कोणीतरी हमखास सांगतं. चालत नाही. क्रूझ व्हँकुव्हरहून सुटणार असेल तर कॅनडाचा व्हिसा तुम्ही आधीच काढलेला असणार. पण तो एकदाच प्रवेश देणारा आहे की अनेकदा, ते बघा. व्हँकुव्हर सोडलं की तुम्ही कॅनडातून बाहेर पडता, युकॉनला जाताना पुन्हा आत येता आणि सहल संपवून परत अलास्कात, म्हणजे अमेरिकेत शिरता. म्हणून दोन्ही देशांचे व्हिसा अनेक प्रवेशांचे हवेत.

सिअ‍ॅटलहून सुटणाऱ्या जहाजांबद्दल एक गंमत. परदेशी नोंदणीच्या जहाजाने अमेरिकेतून निघून मध्ये परदेशी बंदर न घेता अमेरिकेतच परत यायचं नाही, असा १८८६ सालचा कायदा आहे. म्हणून ही जहाजं बहुधा एका संध्याकाळी कॅनडातल्या व्हिक्टोरियाला थांबतात. तेव्हा कॅनडाच्या व्हिसाचा प्रश्न तिथेही येतो. क्रूझ कंपनीच्या अटी नीट वाचा.

ग्रीन कार्डवाल्यांना भारतीय पासपोर्ट आणि ग्रीन कार्ड, दोन्ही मूळ स्वरूपात लागतात. एच-१बीवर असाल आणि पासपोर्टवरचा शिक्का संपला असेल, तर निघण्याआधी कंपनीच्या वकिलाला विचारा. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर विचारू नका. नातवंडं फक्त आजी-आजोबांबरोबर जाणार असतील, तर आई-वडिलांच्या सहीचं संमतिपत्र बरोबर ठेवा.

व्हिसा नसला तरी वाईट वाटून घेऊ नका. खिंडीच्या माथ्यापर्यंत जाऊन परतणारी आगगाडी आहे. तिच्यात प्रवासी डब्यातून उतरत नाहीत आणि तिला पासपोर्ट लागत नाही. परक्या देशात फिरताना तो जवळ असावा, एवढंच.

दुसरी पायरी: आगगाडी, बस की भाड्याची मोटार

आगगाडी म्हणजे व्हाइट पास अँड युकॉन रूट. युकॉनमधल्या क्लोंडाइक भागात सोनं सापडल्यावर उसळलेल्या धावपळीत, १८९८ साली हिचं काम सुरू झालं आणि १९०० साली ती युकॉनमधल्या व्हाइटहॉर्स शहरापर्यंत पोचली. रूळ तीन फुटी, म्हणजे माथेरानच्या गाडीपेक्षा फूटभर रुंद. समुद्रसपाटीवरून निघून अवघ्या २० मैलांत ती २,८६५ फुटांवर चढते. पुढे खाणकाम थंडावल्यावर १९८२ मध्ये ती बंद पडली आणि १९८८ मध्ये पर्यटकांसाठी पुन्हा सुरू झाली. माथ्यापर्यंत जाऊन-येऊन सुमारे पावणेतीन तास लागतात. गुडघे दुखणाऱ्यांना आणि लहान मुलांच्या आईला याहून सोपं काही नाही: बसा, खिडकीतून बघा, परत या.

बस जाते क्लोंडाइक हायवेने. तिला थांबता येतं, आणि हा तिचा मोठा फायदा. धबधबा दिसला की उतरा, फोटो काढा, पुढे चला. बसच्या लांब सहली कारक्रॉस गाव आणि त्याच्या पुढच्या एमरल्ड लेकपर्यंत जाऊन सहा-सात तासांत परततात.

माझं मत विचाराल तर दोन्ही एकत्र असलेली सहल घ्या. म्हणजे एका बाजूने स्कॅगवे ते फ्रेझर (माथ्यापलीकडचं कॅनडातलं ठिकाण) आगगाडी, उरलेला प्रवास बसने. महाग पडते, पण नुसत्या गाडीत खरा बदल दिसायच्या आत माणूस मागे फिरतो. खिंडीच्या अलीकडचा अलास्का तुम्ही जहाजावरून पाहतच असता. पलीकडचा प्रदेश अगदीच वेगळा आहे.

भाड्याची मोटार हा तिसरा मार्ग. चार-पाच जण असाल तर स्वस्त पडतो आणि वेळ आपल्या हातात राहतो. मात्र गावात गाड्या मोजक्याच मिळतात, त्यामुळे काही महिने आधी ठरवा. गाडी कॅनडात न्यायला परवानगी आहे का, हे लेखी घ्या. भारतीय लायसन्सवर चालवणार असाल तर आंतरराष्ट्रीय परवानाही काढून ठेवा. सीमा ओलांडली की वेगमर्यादेच्या पाट्या मैलांऐवजी किलोमीटरमध्ये येतात. नव्वदचा आकडा बघून कोणी हुरळून जाऊ नये. वाटेत बराच वेळ फोनला रेंज नसते, तेव्हा नकाशा आधीच उतरवून घ्या. माथ्यावर धुकं कधी उतरेल सांगता येत नाही. घाटात गाडी चालवायची सवय नसलेल्याने हौस म्हणून इथे सुरुवात करू नये.

तिसरी पायरी: तिकीट कुठून

जहाजाच्या काउंटरवरून घेतलेली सहल महाग असते, बाहेरच्या कंपनीची बरीच स्वस्त. फरक फक्त पैशांचा नाही. जहाजाच्या सहलीची बस दरड कोसळल्यामुळे अडकली, तर जहाज थांबतं किंवा कंपनी तुम्हाला पुढच्या बंदरात पोचवते. बाहेरच्या सहलीला उशीर झाला तर जहाज निघून जातं आणि पुढचं तुमचं तुम्ही बघायचं. स्कॅगवेहून पुढचं बंदर गाठायला फेरी-बोट किंवा छोटं विमान, एवढेच पर्याय असतात, आणि छोटी विमानं हवा बिघडली की उडत नाहीत.

तरीही मी बाहेरच्या सहलीला नाही म्हणणार नाही. इथल्या बसवाल्यांचा सगळा धंदाच जहाजांच्या वेळेवर चालतो. फक्त सहल संपण्याची वेळ आणि जहाजावर परत चढायची शेवटची वेळ यांत दोन तासांची फट हवी. ही शेवटची वेळ म्हणजे जहाज सुटायची वेळ नव्हे. ती अर्धा ते एक तास आधीची असते. हे सगळ्यांना दोनदा सांगा, विशेषतः "अजून पंधरा मिनिटं आहेत" म्हणणाऱ्या काकांना.

व्हीलचेअर लागणार असेल तर बुकिंग करतानाच कळवा. आगगाडीला लिफ्ट असलेले डबे असतात, पण ते आयत्या वेळी मिळत नाहीत. मोठ्या बसमध्ये बहुधा शौचालय असतं, छोट्या व्हॅनमध्ये नसतं. आई-बाबांसाठी हा प्रश्न देखाव्याइतकाच महत्त्वाचा आहे, लाजू नका, विचारा. जेवणाचंही तसंच. लांब सहलींत जेवण असतं ते बहुधा भाजलेल्या कोंबडीचं. शाकाहारी आहात हे आधी सांगितलं नाहीत, तर ताटात पाव आणि पाला येतो.

चौथी पायरी: आदल्या रात्री

काही जहाजांवर प्रवाशांचे पासपोर्ट स्वागतकक्षात जमा करून घेतात. तुमचा तिथे असेल तर आदल्या संध्याकाळीच मागून घ्या. सकाळी त्या काउंटरसमोर रांग लागते.

कपडे थरांचे घाला. आत साधा टी-शर्ट, त्यावर स्वेटर, त्यावर वारा-पाऊस अडवणारं जाकीट. धक्क्यावर पंधरा-सोळा अंश तापमान आणि ऊन असलं, तरी माथ्यावर हात गारठतात, आणि मे-जूनमध्ये तिथे कडेला बर्फही असतो. जाडजूड कोट एकच घेतलात तर तो दिवसभर काढ-घाल करून वैताग येतो. बूट पकड असलेले हवेत. कानटोपी घ्या. तिला हसणारेच ती नंतर मागतात.

खाण्याचं: दशम्या, चिवडा, लाडू असे घरचे कोरडे पदार्थ बरोबर घेता येतात, पण सीमेवर विचारलं तर लपवू नका, स्पष्ट सांगा. जहाजाच्या बुफेतली सफरचंदं आणि केळी पिशवीत टाकू नका. ताजी फळं आणि मांस यांच्यावरून दोन्ही सीमांवर अडचण येते. पाण्याची बाटली भरून घ्या.

फोनचं रोमिंग तपासा. तुमच्या अमेरिकन प्लॅनमध्ये कॅनडा नसेल तर डेटा बंद ठेवा. जहाजाचं समुद्रावरचं मोबाइल नेटवर्क याहून महाग असतं, म्हणून जहाजावर फोन विमान मोडवरच बरा.

आणि घड्याळ. उन्हाळ्यात युकॉनचं घड्याळ स्कॅगवेच्या एक तास पुढे असतं. फोन स्वतःहून वेळ बदलतो, कधी बदलत नाही, आणि मग गटात दोन वेळा चालू होतात. मनगटी घड्याळ जहाजाच्या वेळेला लावा आणि दिवसभर त्यालाच माना.

पाचवी पायरी: प्रत्यक्ष वाट

आगगाडीने चढणार असाल तर डाव्या बाजूला बसा, दरी त्या बाजूला आहे. बसने चढताना उजवी बाजू धरा, कारण रस्ता दरीच्या समोरच्या अंगाने जातो आणि पलीकडच्या कड्यावर गाडी खेळण्यातल्यासारखी सरकताना दिसते. माथ्यावरून परतणाऱ्या गाडीत सगळ्यांची अदलाबदल होते. गार्डने सांगितलं की प्रवासी उठतात, बाकांच्या पाठी खटाखट उलट बाजूला ढकलतात आणि समोरच्या बाजूचे लोक इकडे येतात. म्हणून "डावी जागा मिळाली नाही" म्हणून भांडू नका. फोटोसाठी डब्याच्या टोकाला उघडा सज्जा असतो. काचेतून काढलेल्या फोटोत आपलीच टोपी उमटते, तेव्हा थोडा वेळ तिथे उभे राहा. बोगदा आला की हात आत घ्या.

गाडी सुटल्यावर पहिली काही मिनिटं फक्त झाडं दिसतात. मग चढ लागतो आणि स्कॅगवे नदी खाली खाली जाऊ लागते. रुळाकाठी एक काळा क्रूस दिसेल. ३ ऑगस्ट १८९८ रोजी सुरुंगाच्या स्फोटानंतर सुमारे १०० टनांचा खडक कोसळला आणि त्याखाली दोन कामगार गाडले गेले. त्यांना तिथून काढता आलंच नाही. पुढे माथ्याजवळ डेड हॉर्स गल्च नावाची घळ येते. रेल्वे होण्याआधी सोन्यासाठी निघालेले लोक याच वाटेने सामान वाहून नेत. वर्षभर पुरेल इतका शिधा असल्याशिवाय कॅनडाचे पोलीस माथ्यावरून पुढे सोडत नसत, आणि इतर सामानासह ते ओझं माणशी साधारण एक टन होई. ते वाहताना सुमारे ३,००० घोडे या पायवाटेवर मेले. आज तिथे हिरवळ आहे, गाइडने सांगितलं नाही तर कळतही नाही. त्याच जुन्या पायवाटेची बारीक रेघ समोरच्या उतारावर दिसते, ती जरूर शोधा. १९०१ साली बांधलेला पोलादी पूलही दिसतो. १९६९ पर्यंत गाड्या त्यावरून जात. आता तो गंजून तसाच उभा आहे.

रस्त्याने जाणाऱ्यांना माथा ३,२९२ फुटांवर लागतो. जवळच "अलास्कात स्वागत" अशी पाटी आहे. तिथे फोटोसाठी रांग असते, दोन मिनिटांत उरका. कॅनडाची तपासणी त्यापुढे फ्रेझरला होते. अधिकारी बसमध्ये चढतो, एकेकाचा पासपोर्ट हातात घेतो, फोटो आणि चेहरा पाहतो. बोलणं थोडक्यात: कुठून आलात, जहाज कोणतं, आज परत जाणार का. विचारलं तेवढंच सांगा. तिथे फोटो काढू नका आणि विनोद तर मुळीच करू नका. बाबांना इंग्रजी उच्चार कळायला वेळ लागत असेल, तर मुलाने किंवा मुलीने शेजारच्या जागेवर बसावं.

फ्रेझर सोडलं की जमीन पालटते. इथे झाडं माणसाच्या उंचीची, वाऱ्याने पिळवटलेली; मधे खडक आणि लहान लहान तळी. समुद्रावरचे ढग किनाऱ्याच्या डोंगरांवर रिते होतात आणि पलीकडे कोरडी हवा उरते. केचिकनला वर्षाला १४० इंचांहून जास्त पाऊस पडतो, स्कॅगवेला साधारण २६, आणि कारक्रॉसला त्याच्याही निम्म्याहून कमी. तास-दोन तासांच्या प्रवासात सह्याद्रीचा माथा ओलांडून माणदेशात उतरावं, तसा हा बदल डोळ्यांना जाणवतो. जुलै-ऑगस्टमध्ये कडेला फायरवीडची गुलाबी-जांभळी फुलं असतात. तुरा खालून वर फुलत जातो, आणि शेंड्यापर्यंत फुलला की उन्हाळा संपला, असं इथे म्हणतात.

मग टूशाय सरोवर. इथला युकॉन झुलता पूल नाव युकॉनचं लावतो, पण उभा आहे शेजारच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात. तुमच्या सहलीत असेल तर बघा, नसेल तर रुखरुख नको. खरी थांबायची जागा पुढे आहे. विंडी आर्म नावाच्या सरोवराच्या फाट्याला लागून रस्ता जातो आणि एका वळणावर खाली बोव्ह बेट दिसतं. नावाप्रमाणे वारा जबरदस्त, टोपी हाताने धरा.

अस्वल दिसलं तर? रस्त्याकडेचं गवत आणि डँडेलियनची फुलं खायला काळी अस्वलं येतात, कधी ग्रिझलीही. बसमध्ये असाल तर ड्रायव्हर थांबवेल. मोटारीत असाल तर काच वर, दरवाजा बंद. खाली उतरायचं नाही, खायला टाकायचं नाही.

कारक्रॉस स्कॅगवेपासून ६६ मैलांवर आहे. कारक्रॉस/टॅगिश फर्स्ट नेशनचं, म्हणजे इथल्या मूळनिवासी समाजाचं हे गाव. ऑगस्ट १८९६ मध्ये ज्या शोधामुळे सोन्याची धावपळ उसळली, तो लावणाऱ्या मंडळींतले स्कूकम जिम आणि डॉसन चार्ली याच समाजाचे, आणि केट कारमॅक ही जिमची बहीण. तिघांच्याही कबरी इथे आहेत. व्हाइट पास रेल्वेचा शेवटचा खिळा २९ जुलै १९०० रोजी याच गावात ठोकला गेला. मॅथ्यू वॉटसन यांच्या जुन्या दुकानात आइस्क्रीम खा. शेजारच्या रंगीत लाकडी दुकानांच्या दर्शनी भागावर स्थानिक कलावंतांनी कुळांची चित्रं काढली आहेत, ती पाहायला अर्धा तास राखून ठेवा. अमेरिकन डॉलर इथे चालतात, पण सुटे कॅनडाचे मिळतात, कार्ड वापरा.

गावाबाहेर वाळूच्या टेकड्या आहेत. पाट्यांवर "जगातलं सर्वांत लहान वाळवंट" असं लिहिलेलं असतं. शास्त्राप्रमाणे हे वाळवंट नाही, हिमयुगातल्या सरोवराच्या तळाची वाळू बेनेट सरोवरावरच्या वाऱ्याने इथे साचत राहिली आहे. पण मागे बर्फाचे डोंगर आणि पायाखाली वाळू, हे पाहायला दहा मिनिटं पुरेशी आहेत. बुटातली वाळू बसमध्ये चढण्याआधी झटका.

एमरल्ड लेक शेवटी, कारक्रॉसच्या सुमारे सात मैल पुढे. रस्त्याकडेच्या उंचवट्यावरूनच ते उत्तम दिसतं, खाली उतरायची गरज नाही. तळाशी चुन्याचा पांढरा गाळ आहे, उथळ पाण्यातून त्याच्यावर पडून परतणाऱ्या प्रकाशामुळे पाचूचा रंग येतो. म्हणून सूर्य डोक्यावर असताना रंग खुलतो आणि ढग आले की फिका पडतो. ढग असतील तर पाचेक मिनिटं वाट बघा, वाऱ्याने ते सरकतात. पोलराइझिंग चष्मा असेल तर घाला, फरक लगेच दिसतो.

सहावी पायरी: परतीची वेळ

एमरल्ड लेकहून स्कॅगवे न थांबता सुमारे दोन तास. स्वतः गाडी चालवत असाल तर त्यात सीमेवरचा वेळ मिळवा. अमेरिकेची चौकी स्कॅगवेच्या सातेक मैल अलीकडे आहे आणि दुपारी सगळ्या बस एकदमच येतात. जाताना न घेतलेले थांबे येताना घेऊ, असा बेत करू नका. येताना गटातले निम्मे झोपलेले असतात आणि उरलेल्यांना जहाजावरचा चहा आठवत असतो. ड्रायव्हर-गाइडला टीप देण्याची पद्धत आहे, तेव्हा सुट्या नोटा आधीच काढून ठेवा.

गावात पोचल्यावर तासभर उरला, तर क्लोंडाइक गोल्ड रश नॅशनल हिस्टॉरिकल पार्कचं केंद्र जुन्या रेल्वे स्टेशनात आहे, प्रवेश फुकट. त्याच रस्त्यावर आर्क्टिक ब्रदरहुड या सोनं शोधणाऱ्यांच्या जुन्या संघटनेचा हॉल आहे, ज्याच्या दर्शनी भिंतीवर आठ हजारांहून अधिक लाकडी काटक्या ठोकून नक्षी केली आहे. ८ जुलै १८९८ रोजी गोळीबारात मेलेला ठग सोपी स्मिथ ज्या कबरस्तानात आहे, ते मात्र गावाच्या दुसऱ्या टोकाला, रेल्वे यार्डाच्याही पलीकडे आहे. तिकडे पायी जाऊन परत धक्क्यापर्यंत यायला तासभर पुरत नाही, तेव्हा ते सकाळी लवकर उतरलेल्यांसाठी सोडा.